गाडगेबाबांचा खराटा आणि घरातली ओल

अमरावतीजवळच्या वलगाव येथे पेढी नदीच्या पुलाजवळ २० डिसेंबर १९५६ रोजी गाडगेबाबांनी प्रवासातच अखेरचा श्वास घेतला. अर्धशतक महाराष्ट्राच्या गावोगावी फिरलेल्या या माणसाच्या नावावर घर नव्हते, शेत नव्हते, मठही नव्हता. लाखो रुपयांच्या धर्मशाळा, घाट आणि सदावर्ते त्यांच्या शब्दाखातर उभी राहिली होती. मात्र त्यांची स्वतःची मालमत्ता म्हणजे एक फुटके गाडगे, अंगावरच्या चिंध्या आणि हातातला खराटा. यांतील गाडग्याने त्यांना नाव दिले आणि खराट्याने ओळख दिली.

त्यांच्या पश्चात खराटा स्वच्छतेचे प्रतीक ठरला. दरवर्षी पुण्यतिथीला अमरावती व अकोला जिल्ह्यांत रस्ते झाडले जातात, शाळांतून मिरवणुका निघतात. मात्र खराटा जमिनीवर फिरतो तेव्हा त्याच्या टोकाशी नेमके काय घडते, जमिनीवरचे काय हवेत जाते आणि ते कोणाच्या छातीत उतरते, याविषयी विज्ञानाने गेल्या काही दशकांत बरीच माहिती मिळविली आहे. बुरशीच्या बीजाणूंबाबत तर ही माहिती थेट प्रत्येकाच्या घराशी निगडित आहे. गाडगेबाबांचे आयुष्य मातीची घरे, गोठे, यात्रेतील मुक्काम आणि धर्मशाळा अशाच ठिकाणी गेले. ओल, धूळ आणि बुरशी यांचा संबंध जिथे रोज येतो, तीच त्यांची कर्मभूमी होती. म्हणूनच त्यांचे चरित्र या बाजूनेही पाहण्याजोगे आहे.

शेंडगाव ते दापुरे

डेबूजी झिंगराजी जानोरकर यांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे परीट समाजातील कुटुंबात झाला. वडील झिंगराजी व्यसनापायी अकाली गेले. आई सखुबाई लहानग्या डेबूला घेऊन मूर्तिजापूरजवळच्या दापुरे येथे माहेरी आल्या. आजोबा हंबीरराव आणि मामा चंद्रभान यांच्या आश्रयाने मुलगा वाढला. शाळेचे तोंड त्याने पाहिले नाही. गुरे राखणे, गोठा झाडणे, वैरणपाणी करणे आणि पुढे नांगर धरणे, हेच त्याचे शिक्षण.

वऱ्हाडातील त्या काळची घरे बहुतांशी मातीची आणि धाब्याची. जमीन काळी, कापसाची. ही माती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसून तडकते. तिच्यावर उभ्या भिंतीही तिच्याबरोबर हलतात, त्यांना चिरा पडतात आणि त्या चिरांतून पुढच्या पावसाचे पाणी आत येते. धाबे गळते, भिंतीचा पाया ओल शोषतो. मृगापासून हस्तापर्यंत घराचे कोपरे, कणगीचा तळ आणि गोठ्यातील कुटाराचा ढीग दमट राहतो. त्यावर आधी पांढुरकी, मग हिरवट-काळी लव दिसू लागते. वऱ्हाडी माणसाला ही बुरशी नवी नव्हती. कुबट वासाने ती डोळ्यांना दिसण्याआधीच ओळखू येई.

भिजलेला कडबा रचून ठेवला की आतून तापतो आणि त्यात बुरशी व तिच्यासारखीच तंतुमय वाढ असणारे जिवाणू माजतात. उन्हाळ्यात अशी गंजी उपसताना उठणारा ढग केवळ मातीचा नसतो. १९३२ मध्ये कॅम्पबेल या ब्रिटिश डॉक्टरांनी बुरसटलेले गवत हाताळणाऱ्या शेतकऱ्यांतील ताप, खोकला आणि दम यांची नोंद केली. पुढे या आजाराला शेतकऱ्याचे फुप्फुस असे नाव मिळाले. दापुऱ्याच्या गोठ्यात राबणाऱ्या मुलाला हे नाव ठाऊक असणे शक्य नव्हते. पण गोठ्यातली धूळ त्याच्या रोजच्या कामाचा भाग होती.

ओलीत उगवते, कोरड्यात उडते

डेबूजींच्या जन्माआधी तीन वर्षे, म्हणजे १८७३ मध्ये, हिंदुस्थानातच हवेतील अदृश्य जगाचा एक महत्त्वाचा शोध घेतला गेला होता. कलकत्ता येथे डेव्हिड डग्लस कनिंगहॅम या वैद्यकीय अधिकाऱ्याने चिकट द्रव लावलेल्या काचांवर हवेतील कण पकडून ते सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले आणि त्यांची चित्रे प्रसिद्ध केली. रोगराईचे कारण हवेत सापडते का, हे त्यांना तपासायचे होते. त्यांना विपुल प्रमाणात आढळले ते बुरशीचे बीजाणू. पुढे महाराष्ट्रातही हवाजीवशास्त्राची शाखा रुजली. औरंगाबाद येथील मराठवाडा विद्यापीठातील प्रा. एस. टी. टिळक यांनी हवेतील बीजाणू मोजण्याचे यंत्र विकसित केले आणि अजिंठा लेण्यांच्या हवेचाही अभ्यास केला.

या शास्त्राने सांगितलेली पहिली गोष्ट अशी, की बुरशी आणि तिचे बीजाणू यांची कामे वेगळी आहेत. ओल्या भिंतीच्या गिलाव्यात, लाकडात, कागदात किंवा कापडात बुरशीचे बारीक तंतू पसरतात. अन्न मिळून वाढ झाली की काही तंतू पृष्ठभागापासून वर उभे राहतात आणि त्यांच्या टोकांवर बीजाणूंच्या माळा धरतात. भिंतीला अगदी लगटून असलेला हवेचा थर जवळजवळ स्थिर असतो. त्यातून डोके वर काढल्याशिवाय बीजाणूला प्रवास मिळत नाही. ते बारीक देठ हेच काम करतात.

घरात सर्रास आढळणाऱ्या अॅस्परजिलस आणि पेनिसिलियम या बुरशींचे बीजाणू कोरडे असतात व त्यांच्यावर पाणी न चिकटू देणारे आवरण असते. ते देठाला अगदी सैल जडलेले असतात. पंख्याची झुळूक, दार आपटल्याचा हादरा, पडदा सरकणे किंवा भिंतीलगतचे कपाट हलविणे एवढ्यानेही ते सुटतात. काही बुरशींचे बीजाणू मात्र ओलसर, चिकट द्रवात असतात. भिजलेल्या पुठ्ठ्यावर किंवा भिंतीच्या कागदावर वाढणारी काळी स्टॅकिबॉट्रिस ही त्यांतली. ती ओली असताना हवेला फारसे देत नाही. वाळल्यावर खरवडली की मग उडते. आणखी काही बुरशी कोणाच्या धक्क्याची वाटच पाहत नाहीत. पेशीतला पाण्याचा दाब वाढवून किंवा बीजाणूवर जमलेल्या थेंबाच्या ताणाचा उपयोग करून त्या स्वतःच बीजाणू फेकतात.

येथे एक विसंगती दिसते. बुरशी वाढते ओलाव्यात. पण तिचे कोरडे बीजाणू अधिक सुटतात ते हवा कोरडी झाल्यावर. पाऊस ओसरून भिंत सुकू लागली, की बुरशीचे तंतू ठिसूळ होतात आणि हलक्या वाऱ्यानेही त्यांचे तुकडे पडतात. हे तुकडे बीजाणूंपेक्षाही लहान असू शकतात आणि श्वासावाटे अधिक खोल जाऊ शकतात. म्हणजे भिंतीवरचा डाग वाळला म्हणून धोका टळला, असे होत नाही. दिवाळीच्या साफसफाईत शिंका आणि दम यांचा त्रास होतो, त्यामागे धुळीबरोबर पावसाळ्याने मागे ठेवलेला हा ऐवजही असू शकतो.

घर सोडले, गाव धरले

१८९२ मध्ये डेबूजींचा विवाह कुंताबाई यांच्याशी झाला. मामांची जमीन सावकाराच्या कर्जात गेली, तेव्हा निरक्षर डेबूजींना कागदावरच्या अक्षरांची ताकद कळली. शिक्षणाचा जो आग्रह त्यांनी पुढे प्रत्येक कीर्तनातून धरला, त्याचे मूळ या अनुभवात होते. मुलीच्या बारशाला मद्य आणि मांसाचे जेवण घालण्याची जातीची रीत त्यांनी मोडली आणि गोडाचे जेवण दिले. भाऊबंदांचा रोष पत्करला. व्यसनाने वडील गेले होते. त्या घरात दारूची पंगत बसू द्यायची नाही, हा त्यांचा निर्धार होता.

१ फेब्रुवारी १९०५ रोजी त्यांनी घर सोडले. अंगावर ठिगळांचे वस्त्र, एका कानात कवडी, दुसऱ्यात फुटक्या बांगडीचा तुकडा, डोक्यावर गाडग्याचे खापर. सुमारे बारा वर्षे ते असेच भटकले. लोकांनी कधी वेडा समजून हाकलले, कधी चोर समजून मारले. त्याच खापरात भाकरी खायची, त्यातच पाणी प्यायचे आणि मिळाले ते काम करून पुढच्या गावाला निघायचे, असा क्रम होता.

गावात शिरले की ते खराटा हाती घेत आणि रस्ता झाडू लागत. बुवा आला आहे हे ठाऊक नसलेल्या गावकऱ्यांना हा माणूस कोण, असा प्रश्न पडे. पाहता पाहता चार जण मदतीला येत. दिवसभर गावातील घाण निघे आणि रात्री त्याच स्वच्छ केलेल्या जागेत कीर्तन होई. सकाळी गाव रस्ते साफ करीत असे आणि रात्री बाबा डोकी साफ करीत असत, असे त्यांच्या कार्याचे वर्णन महाराष्ट्रात रूढ झाले. देवापुढे बकरे कापणे, कर्ज काढून लग्ने करणे, दारू पिणे आणि शिवाशीव पाळणे, यांवर ते प्रश्नोत्तरांच्या ढंगात, अस्सल वऱ्हाडी बोलीत हल्ला चढवीत. पाया पडायला येणाऱ्यांना मात्र ते जवळ फिरकू देत नसत.

१९२३ मध्ये कोकणातील खारेपाटणच्या मुक्कामी असताना मुलगा गोविंद याच्या निधनाची वार्ता त्यांना कळली. त्या दिवशीचे कीर्तन त्यांनी थांबविले नाही. त्यांच्या वैराग्याचे उदाहरण म्हणून हा प्रसंग सांगितला जातो. मात्र दापुऱ्यात मागे राहिलेल्या कुंताबाईंनी या वैराग्याची किंमत आयुष्यभर मोजली, हेही चरित्र वाचताना विसरता येत नाही.

झाडल्यानंतरची हवा

उघड्या रस्त्यावर खराटा चालविणे आणि बंद खोलीत केरसुणी फिरविणे, या दोन कृती दिसायला सारख्या असल्या तरी त्यांचा परिणाम सारखा नसतो. गावातील उकिरडा, शेण, सांडपाणी आणि सडका पाचोळा हटविला, की माश्या, डास आणि पटकीसारख्या रोगांचा आधार जातो. बाबांच्या काळात पटकीच्या साथीने यात्रेतील माणसे मरत. तेव्हा रस्ता झाडणे हे प्राण वाचविणारे काम होते आणि वर आकाश मोकळे असल्याने उडालेली धूळ बऱ्याच अंशी विरून जात असे.

बंद खोलीत तसे होत नाही. अॅस्परजिलससारख्या बुरशीचा बीजाणू साधारण दोन ते पाच मायक्रॉन आकाराचा असतो. माणसाचा केस त्याच्या कित्येक पटींनी जाड असतो. तीन मायक्रॉनचा कण पूर्ण स्तब्ध हवेतही छातीच्या वा तोंडाच्या उंचीवरून जमिनीवर यायला सुमारे दीड तास घेतो. पंखा चालू असेल किंवा माणसांची ये-जा असेल, तर त्याहून अधिक काळ तो तरंगत राहतो. भिंतीवरून सुटलेला बीजाणू एकदा जमिनीवर बसला म्हणजे त्याचा प्रवास संपत नाही. चालताना पायाच्या दाबाने, गादी झटकताना आणि सर्वांत अधिक कोरडे झाडताना तो पुन्हा वर येतो. घर स्वच्छ दिसू लागते त्याच क्षणी त्याची हवा सर्वांत गढूळ झालेली असते.

वऱ्हाडातील जुन्या गृहिणींना सूक्ष्मदर्शकाविना यावरचा अर्धा उपाय ठाऊक होता. अंगणात आधी सडा, मग झाडणे. घरात मातीच्या जमिनीला सारवण. पाण्याचा शिडकावा कणांना एकमेकांशी बांधून ठेवतो आणि त्यांना उडू देत नाही. फरशीच्या घरात ओल्या फडक्याने पुसण्याचे तत्त्व हेच आहे. मात्र हाही अर्धाच उपाय. भिंतीत पाणी मुरत असेल, तर पुसलेल्या जागी बुरशी पुन्हा येते. बुरशीला बीजाणूंची वाण कधीच नसते. ते बाहेरच्या हवेतूनही येतात. तिला कमी पडू शकते ते फक्त पाणी. म्हणून गळती थांबविणे, चिरा बुजविणे आणि खोलीत ऊन-वारा खेळू देणे, हाच तिच्यावरचा खरा इलाज. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये घरातील ओल व बुरशी यांविषयी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली, त्यांचाही भर यावरच आहे. दमट घरांत राहणाऱ्यांत दमा आणि श्वसनाच्या तक्रारी अधिक आढळतात, हे त्यात नमूद आहे.

निवाऱ्याचा धर्म

गाडगेबाबांनी देऊळ बांधले नाही, निवारा बांधला. अमरावती जिल्ह्यातील पूर्णाकाठच्या ऋणमोचन येथे पौषातील यात्रेला येणारे भाविक चिखलातून घसरत नदीत उतरत. तेथे त्यांच्या पुढाकाराने घाट झाला. पंढरपुरात अस्पृश्य मानल्या गेलेल्या वारकऱ्यांना रात्री पाठ टेकायला जागा नव्हती. उघड्यावर, पावसात, आषाढाच्या चिखलात त्यांचा मुक्काम पडे. बाबांनी तेथे चोखामेळा धर्मशाळा उभारली आणि १९४९ मध्ये ती डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली. नाशिक, आळंदी, देहू येथेही धर्मशाळा झाल्या. मुंबईत जे. जे. रुग्णालयात येणाऱ्या गरीब रुग्णांच्या नातेवाइकांसाठी त्यांनी निवाऱ्याची सोय केली. १९५२ मध्ये या साऱ्या संस्थांच्या कारभारासाठी गाडगे महाराज मिशन स्थापन झाले. ज्या इमारतींसाठी त्यांनी झोळी फिरविली, त्यांत ते स्वतः राहिले नाहीत.

या निवाऱ्यांचे मोल केवळ पुण्याच्या हिशेबात मांडता येत नाही. कोरडी जमीन आणि न गळणारे छप्पर हे गरिबाच्या आरोग्याचे पहिले औषध असते. ज्याच्या घराची भिंत ओली, त्याच्या मुलाची छाती भरलेली, हा अनुभव चाळीत आणि झोपडपट्टीत राहणाऱ्यांना पिढ्यान्‌पिढ्या आहे. बीजाणू जात पाहत नाही, गरिबीही पाहत नाही. पण ओल गरिबाच्याच भिंतीत अधिक मुरते, कारण ती दुरुस्त करायला पैसा आणि हक्काचे घर, दोन्ही त्याच्याजवळ नसते.

ज्याच्या हाती खराटा

डॉ. आंबेडकर यांचे महापरिनिर्वाण ६ डिसेंबर १९५६ रोजी झाले. त्यानंतर अवघ्या चौदा दिवसांनी गाडगेबाबा गेले. शिक्षणापासून वंचित राहिलेल्या या माणसाचे नाव १९८३ मध्ये स्थापन झालेल्या अमरावती विद्यापीठाला पुढे देण्यात आले. २०००-०१ मध्ये राज्य शासनाने त्यांच्याच नावाने ग्राम स्वच्छता अभियान सुरू केले आणि राज्यातील हजारो गावांनी त्यात भाग घेतला.

२०२१ मध्ये करोनाच्या दुसऱ्या लाटेत बुरशी हा शब्द महाराष्ट्राच्या घराघरांत भीतीने उच्चारला गेला. म्युकरमायकोसिस, ज्याला लोकांनी काळी बुरशी म्हटले, त्याचे रुग्ण विदर्भासह राज्यभर आढळले. कित्येकांचे डोळे गेले, जबडे काढावे लागले, अनेक दगावले. ज्या बुरशींमुळे हा आजार होतो, त्या माती, शेणखत आणि कुजणाऱ्या पाल्यापाचोळ्यात नेहमीच असतात. त्यांचे बीजाणू प्रत्येक जण श्वासातून घेत असतो. निरोगी शरीर त्यांना परतवून लावते. अनियंत्रित मधुमेह आणि स्टेरॉइडचा मारा यांनी प्रतिकारशक्ती खचलेल्यांवर मात्र त्यांनी घाला घातला. हवेतून येणारा कण सर्वांना सारखाच भेटतो, पण त्याची किंमत दुबळ्याला मोजावी लागते, हे त्या साथीने दाखवून दिले.

हीच गोष्ट खराटा धरणाऱ्याला लागू पडते. रस्ता झाडणारा, गटार उपसणारा, गोदामातील बुरसटलेले धान्य हलविणारा, जिनिंगमध्ये कापूस हाताळणारा आणि परक्याच्या घरी कोरडा झाडू मारणारा माणूस रोज त्या ढगाच्या मध्यभागी उभा असतो. इतरांना स्वच्छता मिळते. धूळ त्याच्या वाट्याला येते. पिढ्यान्‌पिढ्या हे काम ठरावीक जातींवर लादले गेले, तेव्हा त्याबरोबर हा श्वासही त्यांच्यावर लादला गेला.

गाडगेबाबांना बीजाणू ठाऊक नव्हते. कोरडा झाडू बंद खोलीत काय करतो, हे सांगणारे शास्त्र त्यांच्यापर्यंत पोहोचले नव्हते. मात्र घाण काढण्याचे काम एकाचे आणि स्वच्छ जागेत बसण्याचा मान दुसऱ्याचा, ही वाटणी त्यांना मान्य नव्हती. म्हणूनच त्यांनी दुसऱ्याला झाडायला न सांगता खराटा स्वतः उचलला आणि पाहणाऱ्यांना लाज वाटून त्यांनीही तो उचलला. आता त्या खराट्याआधी पाण्याचा शिडकावा हवा, झाडणाऱ्याच्या नाकातोंडावर चांगला मास्क हवा आणि गळक्या भिंतीच्या दुरुस्तीला अग्रक्रम हवा. पुण्यतिथीच्या दिवशी तासभर रस्ता झाडण्यापेक्षा हे काम अवघड आहे. बाबांच्या आयुष्याकडे पाहिले तर त्यांनी सोपे काम कधी निवडले नव्हते, एवढे नक्की दिसते.